पायांना शिकवणारे गुरुजी

गुरुजी पडायचे. पाय घसरून किंवा चक्कर येऊन नव्हे, चांगले ठरवून पडायचे. वर्गात शिकवता शिकवता, कँटीनच्या रांगेत, सायकल स्टँडवर, एकदा तर आमच्या शेजारच्या साखरपुड्यात चिवड्याची बशी हातात असताना. एकदम डोळे फिरवायचे आणि धप्पकन आडवे. मग जो कोणी 'अरे अरे' करत सगळ्यात आधी धावत जवळ जायचा, त्याच्याकडे जमिनीवरूनच एक डोळा उघडून बघायचे आणि शांतपणे म्हणायचे, "तू मेला."

असा माणूस मी दुसरा पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नाही. एक पुरे झाला.

आमचं भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं. तिथल्या पोलाद कारखान्यात नवीन लागलेल्या कामगारांना सुरक्षेचे धडे देणारा एक वर्ग असायचा, त्या वर्गाचे हे मास्तर. भंडाऱ्याकडचे. आम्हीही तिकडचेच, पोटापाण्यासाठी इकडे आलेलो. रविवारी विहारात वंदनेला ते पुढच्या सतरंजीवर बसत आणि आम्ही मागच्या. मी त्यांच्याच ऑफिसात टायपिस्ट होते. मराठी, हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू, ज्याला जी येईल ती भाषा वर्गात चालायची, पण गुरुजी रागावले की फक्त नागपुरी मराठीत रागावत. समोरच्याला भाषा कळली नाही तरी राग कळायचा.

माझा ऑफिसातला पहिला दिवस. मी टाइपरायटरवरचं झाकण काढतच होते, तेवढ्यात माझ्या टेबलापुढे हा गृहस्थ कोसळला. पाण्याचा गिलास घेऊन धावले, मान उचलायला वाकले, तर एक डोळा उघडला.

"तुमी मेल्या, बाई."

"मी कायले मरू?" मी म्हटलं. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. "तुमाले काय धाड भरली होती पडायले?"

बाकीचे सगळे खोखो हसत होते. गुरुजी उठून कपडे झटकायला लागले. पांढरा शर्ट, तोही रोजचा. पडणाऱ्या माणसाने पांढरा शर्ट का घालावा, हे मला कधी कळलं नाही. त्यांच्या बायको विहारात भेटल्या की एवढंच म्हणायच्या, "धुता धुता मी कटाळली व बाई."

मग त्यांनी मला समजावलं. एखादा धडधाकट माणूस काही कारण दिसत नसताना पडला, तर त्याला पाडणारी चीज अजून तिथेच असते. गॅसला रंग नाही. धावत जाणारा दुसरा माणूस पहिल्याच्या अंगावर पडतो, तिसरा दुसऱ्याच्या. म्हणून आधी थांबायचं. ओरडायचं. काय आहे ते बघायचं, तोंडावर लावायचं यंत्र येऊ द्यायचं, मग जायचं.

"हे सगळ्याईले माहीत हाये," ते म्हणाले. "परीक्षेत सगळे बरोबर लिहितात. पण माणूस पडला की डोकं बाजूले राहते अन् पाय निंगतात. डोकं शिकलेलंच असते, बाई. मले पायाले शिकवायचं हाये."

मी मनात म्हटलं, बाप्पा, कुठल्या येड्याच्या हाताखाली आले मी!

त्यांच्यापुढे 'माहीत आहे' म्हणायची चोरी होती. कोणी म्हटलं की लगेच विचारत, "कोनाले माहीत हाये? तुले का तुया पायाले?" कोणाच्या घरी गेले तर पाणी घ्यायच्या आधी विचारत, "बाहेर जायचा दुसरा रस्ता कोणता?" आमच्या सेक्टरच्या क्वार्टरांना असून असून किती रस्ते असणार! मग स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांकडे बघून मान हलवत आणि चहा घशाखाली उतरेपर्यंत आपल्याला उगीच भीती वाटत राही. सिनेमाला गेले की आधी सगळी दारं ढकलून बघणार, मग खुर्चीवर बसणार. तोवर पडद्यावर अर्धी नामावली संपलेली.

एकदा त्यांनी वर्गाला विचारलं, जेवणाआधी साबणाने हात कोण धुतं? झाडून सगळ्यांनी हात वर केले. का धुवायचे? जंतू असतात, जुलाब होतात, लेकरं आजारी पडतात. पटापट उत्तरं आली. गुरुजींनी खिशातून एक साबणाची वडी काढली आणि काही न बोलता पहिल्या बाकावर दिली. ती हातोहात मागपर्यंत गेली. सकाळी त्यांनीच ती कँटीनच्या नळावर ठेवली होती. जेवणाची सुट्टी होऊन गेली होती, आणि वडीवर कोरलेली अक्षरं जशीच्या तशी होती. कोरडी ठण्ण. त्या दिवशी वर्गात कोणी हसलं नाही. मात्र दुसऱ्या दिवशी वडीची अक्षरं पुसली, आणि आठवड्याने पुन्हा नवी वडी कोरडी राहायला लागली. गुरुजी रोज ती बघायला जात. निराश होत नसत, रागावतही नसत. दुखणेकऱ्याचा ताप बघावा तसं बघत आणि परत येत.

माझ्याबाबतीत म्हणाल तर त्यांनी मला पुरतं बिघडवलं. महिन्या-दोन महिन्यांनी ते पुन्हा माझ्या टेबलापुढे पडले. मी उठले, पण जागची हलले नाही. हलावंसं वाटलं, पण पाय हललेच नाहीत. मी नुसती ओरडले, "माणूस पडला!" गुरुजी उठून बसले. इतकं खूश झालेलं मी त्यांना परत कधी पाहिलं नाही. म्हणाले, "आता शिकले. तुमी नाई, तुमचे पाय."

आमचे हे, म्हणजे माझा नवरा, कारखान्यात फिटर होते. यांनाही तो वर्ग करावा लागला होता, आणि परीक्षेत यांना पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. गुरुजींनी वर्गात सगळ्यांसमोर यांचं कौतुक केलं आणि पुढे जोडलं, "आता पाहू." हे त्या 'आता पाहू'वर चिडले. घरी येऊन म्हणाले, "पैकीच्या पैकी देले, अन् वरतून आता पाहू!" यांचं एक ठरलेलं होतं. सेफ्टी फक्त कारखान्याच्या गेटच्या आत. गेटातून बाहेर पडले की हेल्मेट डोक्यावरून निघून स्कूटरच्या हँडलला लटकायचं आणि डोक्याला वारा लागू द्यायचा. सगळेच तसं करत. मी काही म्हटलं की म्हणायचे, "तू त्या पडणाऱ्या मास्तरचं ऐकून राहिली का?"

आमच्या घरी तेव्हा सासूबाई, हे, मी आणि यांचे धाकटे भाऊ. भाऊजींचं लग्न व्हायचं होतं. भावांचा एकमेकांवर इतका जीव होता की, एकाने पाणी मागितलं तर दुसरा उठायचा. जामुलच्या रस्त्याला आम्ही एक जागा घेतली होती, क्वार्टर सोडावं लागेल तेव्हासाठी. जागेत एक जुनी विहीर होती. आधीच्या मालकाने वरून फळ्या टाकून ती कधीची बंद केलेली. उन्हाळा होता, बांधकामाला पाणी लागणार होतं, म्हणून एका रविवारी दोघा भावांनी विहीर उपसायचं ठरवलं. हाताखाली एक मजूर आणि त्याची बायको होती. मी डबा घेऊन गेले होते. गुरुजींना मीच बोलावलं होतं, घराला दुसरं दार कुठे काढायचं ते सांगायला. मला वाटलं, माणसाचा कधी तरी मान ठेवावा.

फळ्या काढल्या. खाली सडका पाला आणि काळं पाणी. भाऊजींनी लुंगी खोचली.

मी म्हटलं, "आधी कंदील सोडून पाहा ना. विझला तं उतरायचं नाई म्हणतात गुरुजी."

हे हसले. "हा काय प्लांट हाये? घरची विहीर हाये आपली."

भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमी तं पुऱ्या सेफ्टीवाल्या झाल्या." आणि कठड्यावरून आत उतरले. विहिरीच्या भिंतीत पाय ठेवायला दगड सोडलेले होते, त्यावरून एकेक पाऊल. खालूनही काही तरी गंमत करत होते. मग त्यांचा आवाज जड झाला, झोपेतल्या माणसासारखा. मग एकदाच "दादा" म्हणाले, आणि खाली आवाज झाला.

हे कठड्याकडे झेपावले. एक पाय आतसुद्धा टाकला होता. यांना काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. पैकीच्या पैकी.

गुरुजींची सायकल तेव्हा नुकती आमच्या जागेत वळत होती. त्यांनी ती तशीच सोडली आणि धावले. त्या माणसाला मी धावताना पहिल्यांदा पाहत होते. कठड्यावरून यांना मागून कवेत धरून खाली ओढलं, मातीवर उताणं पाडलं आणि छातीवर बसले. यांचं वय काय, ताकद काय, आणि गुरुजी केवढे! यांनी गुरुजींच्या हाताला कडकडून चावा घेतला. हाताला रक्त आलं, पण त्यांनी पकड सोडली नाही. मजुराला त्याच्या छत्तीसगढीत ओरडून रेल्वे फाटकावर पिटाळत होते, "मोर साइकिल ले, फाटक म जा, फोन कर!" त्याच्या बायकोला दोरीला पाल्याची फांदी बांधून विहिरीत वरखाली करायला लावलं, आतली हवा हलावी म्हणून. हे पाय झाडत होते, एका हिसड्यात सुटले असते.

"बाई, पाय! याचे पाय धरा!"

मी धरले. यांच्या दोन्ही पिंढऱ्या मी कवटाळल्या, वर आडवी पडले आणि धरून राहिले. माझ्या तोंडात माती गेली. हे ओरडत होते, "सोड, तो आतमंदी हाये, सोड मले!" ते गुरुजींना म्हणत होते. पाय कोण धरून आहे, हे यांना दिसत नव्हतं. मध्ये गुरुजींची पाठ होती. मी मनात भाऊजींचं नाव घेत होते आणि हातांची पकड आवळत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

फोनवरून कारखान्याची गाडी आली. तोंडाला यंत्र लावून एक माणूस उतरला आणि भाऊजींना वर काढलं. ते गेले होते. कोणी म्हणालं, पडल्याबरोबर गेले असतील. कोणी म्हणालं, थोडा वेळ धुगधुगी असेल. खरं काय ते कोणालाच माहीत नाही, आणि त्या न माहीत असण्यावरच आमच्या घराची पुढची सगळी वर्षं गेली.

संध्याकाळी गुरुजी घरी आले. हाताला फडकं गुंडाळलेलं. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"माया मोठ्याले कोनं धरलं होतं?"

मी दारात उभी होते. माझं तोंड उघडलं होतं, खरं सांगते, उघडलं होतं, पण माझ्या आधी गुरुजी बोलले.

"मी धरलं, आई. एकट्यानं."

"मंग माया लायन्याले तू मारलं," सासूबाई म्हणाल्या. "भाऊ गेला असता तं त्याले घेऊन आला असता."

गुरुजींनी मान खाली घातली. हे कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसले होते. गुरुजी निघून गेले.

चार-सहा दिवसांनी मी ऑफिसात गेले. गुरुजी माझ्या टेबलाशी आले. मी त्यांच्यावर भडकलेच.

"खोटं कावून बोलले तुमी? पाय मी धरले होते. मले लाज नाई त्याची."

"हळू बोला," ते म्हणाले. "पाय मी धरले. तुमी बाजूले उभ्या होत्या, रडून राहिल्या होत्या. मजुराले अन् त्याच्या बायकोले मी सांगितलं हाये."

"पण कावून?"

"तुमाले त्या घरात राहायचं हाये. मले नाई राहायचं."

जन्मभर खऱ्यासाठी लोकांच्या मागे लागलेला हा माणूस. 'माहीत आहे' म्हटलेलंही ज्याला चालत नव्हतं, तो माझ्यासमोर बसून मला खोटं पाठ करून देत होता. मी रडायला लागले. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या गावची गोष्ट सांगितली. ती त्यांनी वर्गात कधी सांगितली नव्हती. त्यांच्या घरी ज्वारी ठेवायचं पेव होतं, जमिनीखालचं. ते उघडलं आणि त्यांचे वडील उतरले. ते वर येईनात म्हणून काका उतरले. मग काकांचा मुलगा. पेव उघडल्यावर थोडा वेळ थांबायचं असतं, हे गावात लहान लेकरालाही ठाऊक होतं.

"मी चौथा होतो. पळत सुटलो अन् माया चपलेचा पट्टा तुटला. तोंडावर पडलो. तेवढ्यात लोकाईनं पकडलं. लोक म्हणतात हुशार होता, थांबला. कायचा हुशार! मले चपलेनं धरलं होतं, बाई. याईले तुमी धरलं."

मग उठता उठता पुन्हा म्हणाले, "पण पाय मी धरले. ध्यानात ठेवा."

त्यानंतर गुरुजी कधी पडले नाहीत. नवीन पोरं वाट बघायची, कोणी कोणी विचारायचंही. ते नुसते खुर्चीवर बसून शिकवत. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, पडत नाही आजकाल?"

त्यांनी हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या खाली यांच्या दातांचा वण राहिला होता.

"पाय ऐकत नाईत म्हणून मी इतके वर्स ओरडलो. ऐकले तं मागं जो जित्ता राहते त्यानं काय करायचं, हे मी कधी शिकवलंच नाई. मले माहीतच नव्हतं."

घरी त्यांचं नाव निघणं बंद झालं. रविवारी विहारात गुरुजी पुढच्या सतरंजीवर दिसले की सासूबाई उठून पार दाराशी जाऊन बसायच्या. मग गुरुजीच मागे बसायला लागले, म्हणजे सासूबाईंना पुढे बसता यावं. तरी त्या दाराशीच. समोरून गुरुजी आले तर हे रस्ता बदलायचे. जयभीम नाही, मान हलवणं नाही. मला म्हणायचे, "तू त्याच्या हाताखाली कावून काम करते?" मी म्हणायचे, "पगार ते देत नाईत, कारखाना देते." पण एकदा भांडण पेटलं. यांनी जेवताना गुरुजींना खुनी म्हटलं. माझ्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली आणि मी बोलून गेले, "ते होते म्हणून माया हातात बांगड्या हायेत. ऐकायचं नसन तं कान बंद करा, पण मी म्हणनच."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. हे मात्र माझ्या मनगटाकडे बघत राहिले. मग ताट सरकवून बाहेर गेले. मला वाटलं, आता संपलं सगळं. पण परत आले ते खाली मान घालून, आणि त्यानंतर यांनी तो शब्द कधी वापरला नाही.

तरी बोलणं नव्हतंच. सासूबाई गेल्या तेव्हा गुरुजी आले होते. निवृत्त होऊन भिलाई-३ ला मुलीकडे राहत होते तेव्हा. उन्हात, फाटकाबाहेर, तोच पांढरा शर्ट घालून उभे. आत या म्हणणं यांच्या हातात होतं. यांनी पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. मीच बाहेर जाऊन पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाले, "दुसरं दार काढलं का मंग घराले?" जामुलची ती जागा आम्ही केव्हाच विकली होती. त्यांना ते माहीत होतं. बोलायला काही तरी हवं म्हणून विचारलं असेल.

आता तुम्हाला वाटत असेल, इतकी वर्षं खोटं खोटं पडणारा हा माणूस शेवटी कुठे तरी खरोखर पडला असेल, आणि लोक हसत उभे राहिले असतील. तसं काही झालं नाही. आजारी पडले, अंथरुणात होते, मुलीच्या हातचं पाणी पिऊन गेले. सकाळी निरोप आला. मी पदर डोळ्याला लावून बसले होते. मनात होतं, एकटीच जाईन, बसने जाईन, कोण अडवतं बघते. आत कपाट वाजलं. हे पांढरा शर्ट घालून बाहेर आले. म्हणाले, "चाल."

आम्ही स्कूटरने भिलाई-३ ला गेलो. तिथे विहारातली बरीच मंडळी होती. कारखान्यातले जुने लोकही होते. वेळ आली तेव्हा हे पुढे झाले आणि खांदा दिला. लोक बघत राहिले, कारण आमचं वाकडं सगळ्यांना ठाऊक होतं. यांनी कोणाला खांदा बदलू दिला नाही. गुरुजींच्या बायको माझा हात धरून म्हणाल्या, "आले तुमचे. याईले बरं वाटलं असतं."

घरी आलो. अंगणातल्या नळाशी मी बादली भरली. हे दगडावर बसले, पँट वर दुमडली आणि पाय पुढे केले. मी तांब्याने पाणी ओतत होते. यांनी डाव्या पिंढरीवर बोट ठेवलं. तिथे बारीकसा पांढरा वण होता. इतक्या वर्षांत मी तो किती वेळा पाहिला असेल.

"हे कायचं हाये, माहीत हाये तुले?"

"काही लागलं असन," मी म्हटलं. पाणी ओतत राहिले.

"काच होती. त्याच दिवशी मोरीत बसून मी काढली. हिरवी होती." हे माझ्याकडे बघत नव्हते, पाण्याकडे बघत होते. "गुरुजीच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या का?"

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. त्या दिवशी घरी आल्यावर माझं मनगट रक्ताने भरलेलं पाहून सासूबाईंना वाटलं होतं, मी दुःखाने बांगड्या फोडून घेतल्या. मीही तसंच वाटू दिलं होतं.

"मंग इतके वर्स त्याईले..." मी तांब्या खाली ठेवला. "माहीत होतं तं कावून?"

"कोनावर तरी काढायचं होतं मले. तुयावर काढलं असतं तं हे घर राहिलं नसतं. मी बी राहिलो नसतो." यांनी पिंढरीवरून हात फिरवला. "त्याईनं पुढं होऊन म्हटलं, मी धरलं. मी म्हटलं, बरं. त्याईनं अंगावर घेतलं अन् मी टाकत गेलो. फाटकावर उभे होते उन्हात, तरी टाकलं."

रस्त्याने कोणाची तरी सायकल गेली. नळ ठिबकत होता.

"त्याईले समजलं असन का," यांनी विचारलं, "मले माहीत हाये म्हणून?"

गुरुजींनी हा प्रश्न ऐकला असता तर विचारलं असतं, कोनाले माहीत हाये, तुले का तुया पायाले? माझ्या तोंडावर ते आलं होतं. पण मी एवढंच म्हटलं, "समजलं असन."

यांनी डोळे पुसले आणि दुसरा पाय पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ धरून ठेवला. यांनी सोडवला नाही.